वेळापत्रकात नसलेला तास

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून मध्य रेल्वेची गाडी सुटली की पहिले स्थानक लागते मस्जिद. नाव कानावर पडले की डोळ्यांपुढे मिनार येतो. स्थानकातून बाहेर पडून हातगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत गेले की सॅम्युएल स्ट्रीट लागते. या रस्त्यावर सॅम्युएल इझिकेल दिवेकर या बेने इस्रायली गृहस्थाने १७९६ साली उभारलेले ज्यू लोकांचे प्रार्थनागृह आहे. बेने इस्रायली लोक मराठी बोलणारे. आपल्या प्रार्थनागृहाला ते पिढ्यान्पिढ्या ‘मशीद’च म्हणत आले. स्थानकाचे नाव या जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगतात.

हे मला कळले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. माझे बालपण रायगड जिल्ह्यात गेले, म्हणजे दिवेकर, किहिमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे जिथल्या गावांवरून पडली त्याच मुलखात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, एवढे आजीच्या बोलण्यातून कानावर आले होते. शनिवारीच का, हे आजीला ठाऊक नव्हते आणि शाळेतही कोणी सांगितले नाही. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तिथेही प्रार्थनागृह आहे. आम्ही त्याच्यावरून कितीदा गेलो असू. बाहेरच्या भिंतीचा रंग मला अजून आठवतो. आत काय चालते, हे विचारावे असे मात्र कधी सुचले नाही.

शाळेतली दुसरी एक आठवण सांगायला हवी, कारण हा लेख खरे तर तिच्यामुळे लिहितो आहे. मी सातवीत होतो. वर्गात माझ्या बाकावर एक कोकणी मुसलमान मुलगा बसे. दसऱ्याच्या आधी पाटीपूजनाला तो आमच्याबरोबर पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायचा, आणि ईदला मी त्याच्या घरी शीरखुर्मा खायचो. त्या वर्षी रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला होता. कवायतीच्या तासाला तो चक्कर येऊन खाली बसला. सर धावत आले, त्याला सावलीत नेले, डोके मांडीवर घेतले आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. त्याने ओठ मिटून मान फिरवली. सरांनी पुन्हा पेला लावला, त्याने पुन्हा मान फिरवली. सरांना वाटले पोरगा हट्ट करतोय. ते रागावले. तो रडायला लागला, पण ओठ उघडेना. आम्ही चाळीस मुले भोवती उभी होतो. त्याचा रोजा आहे, हे आमच्यातल्या एकालाही सांगता आले नाही. मलाही नाही, आणि मी त्याच्या घरी वर्षानुवर्षे जेवत होतो. आजारी माणसाला रोजा सोडायची मुभा असते, तो पुढे कधीतरी भरून काढता येतो, हे ठाऊक असते तर सरांनाच त्याची समजूत काढता आली असती.

ते सर आमच्या शाळेतले सर्वांत मायाळू शिक्षक होते. त्यांना मी कधीच दोष दिला नाही. मायेत काही कमी नव्हते, कमी होती ती माहितीत.

आणि शाळेत धर्म नव्हता असेही नाही. सकाळी प्रार्थना, गुरुवारी भजन, श्रावणात सत्यनारायण, आषाढीला दिंडी, गणपतीत आरती, डिसेंबरात कापसाची दाढी लावलेला सांताक्लॉज. धर्म भरपूर होता, धर्मांविषयीचा अभ्यास मात्र नव्हता. आजही महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत हेच चित्र दिसते. राज्यघटनेने शाळेत जे करायला अटकाव केला ते आपण थोडेफार करत राहिलो, आणि जे करायला मोकळीक ठेवली ते मनापासून कधी केलेच नाही.

*

घटनेचे अठ्ठाविसावे कलम मुळातून वाचावे. राज्याच्या निधीतून पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही, असे पहिले उपकलम सांगते. जिल्हा परिषदेची, महापालिकेची शाळा यात येते. एखाद्या दानपत्राने किंवा न्यासाने स्थापन झालेल्या आणि त्या न्यासातच धार्मिक शिक्षणाची अट असलेल्या संस्थेला, तिचा कारभार राज्य पाहत असले तरी, यातून वगळले आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत असे शिक्षण दिले जात असेल तर विद्यार्थ्यावर, त्याच्या किंवा तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीवाचून, त्यात भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच माध्यमिक शाळा अनुदानित, म्हणजे या शेवटच्या वर्गातल्या. त्यांतल्या किती पालकांकडून अशी संमती कधी मागितली गेली असेल?

७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको, याची कारणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी सांगितली. कर सर्वांकडून घ्यायचा आणि शिकवण एकाच्या धर्माची द्यायची, हे बसत नाही. देशात इतके पंथ आहेत की प्रत्येकाला न्याय द्यायला गेले तर शाळेला ते पेलणारे नाही. तिसरे कारण सर्वांत कठोर होते. या देशातले धर्म एकमेकांशी वागताना समाजाला तोडणारे ठरतात, मोक्षाचा खरा मार्ग आपल्यापाशीच आहे असा प्रत्येकाचा दावा असतो, आणि तो दावा वर्गात आणला तर वर्गाची शांतता टिकणार नाही. हे बोलणाऱ्या माणसाला शाळेत इतरांपासून वेगळे बसावे लागले होते. धर्म शाळेत आला की काय होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

पण त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, आणि ती आपण विसरलो. बंगालमधल्या एका सदस्याने विचारले की संस्कृत महाविद्यालयांत वेद, स्मृती, उपनिषदे शिकवतात, त्याचे काय करायचे. आंबेडकरांनी उत्तर दिले की धर्मशिक्षण वेगळे आणि अभ्यास किंवा संशोधन वेगळे. अमुक एकच देव आहे असे मान, अमुक प्रेषित अखेरचा आहे असे मान, हे सांगणे म्हणजे धर्मशिक्षण. मुसलमान असे मानतात, ते का मानतात, त्यांच्यातले पंथ कोणते, हे जाणून घेणे म्हणजे अभ्यास. पहिल्याला कलमाने मनाई आहे, दुसऱ्याला नाही.

एवढी लख्ख रेषा आखून मिळाली असताना पुढच्या साठ-सत्तर वर्षांत आपण काय केले? समित्या नेमल्या. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये महाविद्यालयांसाठी बुद्ध, कन्फ्यूशियस, झरतुष्ट्र, येशू, महंमद, कबीर, नानक यांची चरित्रे आणि पुढे धर्मग्रंथांतले निवडक भाग सुचवले. १९५९ मध्ये नेमलेल्या श्रीप्रकाश समितीनेही तशाच वाटेने शिफारशी केल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘धर्माचे शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ यांतला फरक पुन्हा मांडला आणि नागरिकशास्त्राच्या जोडीने सर्व प्रमुख धर्मांची नेमकी माहिती द्यावी, असे सांगितले. १९९९ मध्ये नांदेडचे शंकरराव चव्हाण अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने मूल्यशिक्षणावरच्या अहवालात सर्व धर्मांची मूलतत्त्वे मुलांना कळावीत असा आग्रह धरला. त्यावर बेतलेल्या २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की धर्मांचा अभ्यास अठ्ठाविसाव्या कलमाविरुद्ध नाही. त्याच निकालात न्या. धर्माधिकारी यांनी इशाराही दिला: अभ्यास आणि शिकवण यांच्यातली रेषा फार बारीक आहे, अभ्यासाच्या नावाखाली शिकवण शिरणार नाही याला जपावे लागेल.

शंका जुनी आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने नीतिशिक्षणाचे एक सर्वमान्य पाठ्यपुस्तक तयार करावे असे सुचवले, तेव्हा आयोगाचे सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी आपले विरोधी मत वेगळे नोंदवले होते. गीतेचा इंग्रजी अनुवाद करणारा हा पंडित. सर्वांना चालेल असे नीतीचे पुस्तक सरकारने काढू नये, हे त्यांचे म्हणणे मला आजही पटते. सगळ्या धर्मांचा अर्क काढून मुलांना चमच्याने पाजायचा, ही कल्पनाच चुकीची. मला हवा आहे तो इतिहास-भूगोलासारखा, प्रश्नांना मोकळा असलेला तास.

*

असा तास कसा चालतो, हे पाहायला थोडे लांब जावे लागेल. १९५६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲबिंग्टनच्या शाळेत सोळा वर्षांचा एलरी शेंप वर्गात कुराण घेऊन आला. त्या राज्यात कायद्याने रोज सकाळी बायबलच्या दहा ओव्या वाचल्या जात. वाचन सुरू झाले तसे त्याने आपल्यापुरते कुराण उघडून वाचायला सुरुवात केली. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवले गेले. घरच्यांनी खटला भरला आणि १७ जून १९६३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हे वाचन घटनाबाह्य ठरवले. पण न्यायालयाने हेही लिहिले की धर्मांचा इतिहास आणि तुलना यांचा अभ्यास, तो श्रद्धेचा भाग म्हणून नव्हे तर शिक्षणाचा भाग म्हणून केला तर, शाळेत चालेल. आंबेडकर पंधरा वर्षे आधी हेच सांगून गेले होते.

ही मुभा खऱ्या अर्थाने वापरली ती कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो शहराने. शेतीचा मुलूख, कडव्या ख्रिस्ती मंडळींची मोठी वस्ती, जोडीला शीख, बौद्ध, मुसलमान, हिंदू. १९९०च्या दशकाच्या अखेरीस समलैंगिक मुलांना मिळणाऱ्या वागणुकीवरून या शहरात पालकांची जोरदार भांडणे झाली. त्यातून वाट काढताना ठरले की नववीच्या प्रत्येक मुलाला जगातल्या धर्मांची ओळख करून द्यायची. २००० साली नऊ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी तो सक्तीचा केला. ज्या पालकांना नको असेल त्यांना मूल बाजूला काढायची सोय होती. फार थोड्यांनी ती घेतली.

मला त्यातली बारीकसारीक आखणी महत्त्वाची वाटते. पहिले दोन आठवडे धर्मांना हातच लावायचा नाही. देशाची घटना श्रद्धेच्या स्वातंत्र्याविषयी काय म्हणते, ते स्वातंत्र्य कोणाला कधी नाकारले गेले, हे शिकायचे. म्हणजे दुसऱ्याच्या धर्माची चर्चा सुरू होण्याआधी दुसऱ्याचा हक्क कळतो. मग हिंदू, बौद्ध, कन्फ्यूशियस, शीख, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम. अभ्यासक्रम वापरात आणण्याआधी तो गावातल्या वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांना वाचायला दिला. एमिल लेस्टर आणि पॅट्रिक रॉबर्ट्स या अभ्यासकांनी मुलांची मते अभ्यासक्रमाच्या आधी, नंतर आणि पुन्हा काही महिन्यांनी तपासली. २००६ मध्ये त्यांचा अहवाल आला. मुलांचे ज्ञान वाढले, इतरांच्या धार्मिक हक्कांना पाठिंबा वाढला, आणि स्वतःचा धर्म सोडून मुले दुसरीकडे वळू लागल्याचे काही दिसले नाही. आपल्याकडच्या पालकांची सर्वांत मोठी भीती हीच असते.

उलट घडल्याचेही उदाहरण आहे. २०१५ च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या ऑगस्टा काउंटीत भूगोलाच्या वर्गात इस्लामचा पाठ चालू होता. अरबी लिपीची गुंतागुंत कळावी म्हणून मुलांना एक ओळ गिरवायला दिली. ती ओळ होती शहादा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेची ग्वाही. संतापलेल्या पालकांचे फोन आणि पत्रे इतकी आली की १८ डिसेंबरला काउंटीतल्या सगळ्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शिक्षिकेचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. पण गिरवणे आणि समजून घेणे यांत अंतर आहे, आणि धर्माच्या बाबतीत ते अंतर फार मोठे आहे. त्या ओळीचा अर्थ सांगून, ती मुसलमानाच्या आयुष्यात कुठे कुठे येते हे सांगितले असते तर अभ्यास झाला असता. लिपीच दाखवायची तर दुसरी कुठलीही ओळ चालली असती.

हे मी आपल्यासाठीही म्हणतो आहे. २०२२ मध्ये गुजरातने सहावी ते बारावीत गीता आणण्याची घोषणा केली. २०२४ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय यांचे पाठांतर आले, मनुस्मृतीतला श्लोकही आला, आणि वाद पेटला. मनाचे श्लोक मला स्वतःला मुखोद्गत आहेत आणि ते मला प्रिय आहेत, घरी आजोबांनी ते शिकवले. परंतु जिल्हा परिषदेच्या वर्गात ज्या मुलाच्या घरी राम नाही, त्याला तो मनातला राम जपायला लावणे म्हणजे तीच गिरवायला दिलेली ओळ. रामदास कोण, ते कोणत्या काळात लिहीत होते, तुकारामांचा विठ्ठल आणि रामदासांचा राम यांच्या उपासनेत काय फरक आहे, हे शिकवा. त्याचे मी स्वागत करीन.

इंग्लंडची गोष्ट अमेरिकेतल्या या प्रयोगांहून जुनी. तिथे १९४४ च्या कायद्याने धर्मशिक्षण सक्तीचे झाले आणि ते अर्थातच ख्रिस्ती होते. पुढे बर्मिंगहॅमसारख्या शहरांत पंजाब, गुजरात, कॅरिबियन बेटांतून आलेल्यांची मुले वर्गात बसू लागली. लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी १९६७ मध्ये धर्माभ्यासाचा विभाग सुरू केला. धर्म म्हणजे नुसती तत्त्वे नव्हेत, त्यात विधी असतात, कथा असतात, अनुभव असतो, समाजरचना असते, असे ते शिकवत. १९७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अभ्यासक्रमाने इतर धर्मांना जागा दिली, १९८८ च्या कायद्याने ती देशभर दिली. आता तिथल्या प्राथमिक शाळेतले मूल दिवाळीत मातीची पणती रंगवते. लंडनच्या उपनगरांतल्या मराठी घरांतून त्या पणतीचे कौतुक होते, आणि व्हावेच. पण पणतीपाशीच थांबलेला धडा पुढे फारसे काही शिकवत नाही. प्रत्येक धर्म हा एका सणाचा आणि एका खाद्यपदार्थाचा, असे मुलाला वाटू लागते. २०१५ मध्ये काही पालक न्यायालयात गेले, कारण परीक्षेच्या अभ्यासक्रमात देव न मानणाऱ्यांच्या विचाराला पुरेशी जागा नव्हती. त्यांच्या बाजूने निकाल लागला. वेल्सने २०२२ पासून विषयाचे नावच बदलून त्यात मूल्ये आणि नीती आणली.

*

आता आपल्या दुखऱ्या जागेकडे येतो. धर्मांविषयी शिकवायचे म्हणजे जातीविषयी काय शिकवायचे?

कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांवरून मोठा वाद झाला. हिंदूंच्या काही संघटनांनी जात आणि स्त्रियांचे स्थान यांविषयीची वाक्ये बदलण्याची मागणी केली. काही इतिहासकार आणि दलित संघटना विरोधात उभ्या राहिल्या. प्रकरण राज्याच्या शिक्षण मंडळापासून न्यायालयापर्यंत गेले, आणि दहा वर्षांनी पुन्हा उफाळले. तिथल्या मराठी घरांतली अडचण खरी आहे. वर्गात हिंदू धर्माचा एकच धडा येतो, त्यात गाय, जात आणि अनेक हातांचा देव, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुले विचारतात, तुझी जात कोणती? अकरा वर्षांच्या पोरीला हा प्रश्न झेलावा लागणे वाईट. तरीही धड्यातून जात वगळा, हे मला मान्य नाही. ज्यांनी ती भोगली त्यांचीही मुले त्याच वर्गात बसतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. विदर्भातल्या कितीतरी मुलांचे आजोबा-पणजोबा त्या मैदानावर होते. आपल्या पुस्तकांत बुद्ध येतो तो सिद्धार्थ, सारथी, आजारी माणूस, म्हातारा आणि प्रेत यांच्या गोष्टीतून. वर्गातल्या मुलाच्या घरी भिंतीवर असलेला बुद्ध मात्र १९५६ चा आहे. बावीस प्रतिज्ञा का घेतल्या गेल्या, हे त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला कोण सांगणार? शिक्षकाने हे सांगायचे तर वर्गात अवघड शांतता पसरेल. ती पसरू द्यावी. ज्या धड्याने कोणीच अस्वस्थ होत नाही त्यात बहुधा काही सांगितलेले नसते.

म्हणूनच ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ या वाक्याला मी कंटाळलो आहे. ते चांगल्या मनाने म्हटले जाते, मीही ते पुष्कळदा म्हटले आहे. पण ते खरे नाही. बुद्धाने आत्मा नाकारला. महावीरांनी आत्मा मानला आणि जगाचा कर्ता नाकारला. येशू देवाचा पुत्र, असे ख्रिस्ती मानतात आणि देवाला पुत्र नाही, असे मुसलमान मानतात. ज्यू माणूस मसीहाची अजून वाट पाहतो. लोकायतांनी तर वेद, परलोक आणि पुरोहित तिन्ही बाजूला सारले. एवढे खोल मतभेद असूनही शेजारी राहता येते, हे मुलाला शिकवायचे आहे. मतभेदच नाहीत असे सांगितले तर पहिला मतभेद दिसताक्षणी मुलाला फसवल्यासारखे वाटेल.

हे सारे एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी पाहिले होते. १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. घरातली बाई बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि चौघे एका घरात प्रेमाने राहतात. या चौघांपैकी प्रत्येकाने आपला निर्णय वाचून केला आहे, ही गोष्ट मला त्या कल्पनेतली सर्वांत मोलाची वाटते.

*

मराठी शाळेला या विषयासाठी परदेशातून पुस्तके मागवायची गरज नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहून संतपरंपरेत जाऊन बसले. बेने इस्रायली मंडळी एकोणिसाव्या शतकात आपल्या पूर्वजांच्या कथा मराठी कीर्तनांतून गात. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिले. विनोबांनी कुराण वाचण्यासाठी अरबी शिकून त्याचे सार काढले, ख्रिस्ती धर्माचेही काढले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ दिले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करून आपल्याच समाजाला प्रश्न विचारले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सगळ्याच धर्मांतल्या अंधश्रद्धांना विचारले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला. श्रद्धा, भक्ती, धर्मांतर, सुधारणा, नास्तिकता, सगळे आपल्याच भाषेत घडले आहे.

पाठ्यपुस्तक मंडळाने अगदीच काही केले नाही असेही नाही. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांवर पाठ आला. त्यात जैन, बौद्ध, लोकायत यांच्याबरोबर ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम आणि पारशी धर्मही आले. पाठ पाहिला तेव्हा मला आनंद झाला. पण एकेका धर्माच्या वाट्याला जेमतेम एखादा परिच्छेद, आणि पुढे स्वाध्यायात गाळलेल्या जागा भरा. पारशी धर्माचा ग्रंथ ______. ‘अवेस्ता’ लिहिले की गुण मिळतो. अग्नीपुढे हात जोडणारा पारशी अग्नीला देव मानतो का, हे विचारायला जागा नाही.

जागा असती तरी उत्तर कोणी द्यायचे? सारा प्रश्न इथे येऊन ठेपतो. शिक्षकाचा स्वतःचा धर्म असतो, किंवा नसतो. तो वर्गाबाहेर काढून ठेवता येत नाही, पण तो आवाजात उतरू न देण्याचे शिक्षण देता येते. ‘आपण असे मानतो’ याऐवजी ‘वारकरी असे मानतात’, ‘कॅथलिक असे मानतात’ म्हणायची सवय लावून घ्यावी लागते, आणि स्वतःच्या धर्माविषयी बोलतानाही तेच वाक्य वापरावे लागते. हे सर्वांत कठीण. शिवाय शिक्षकाच्या पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागते. मोबाइलवर चाळीस सेकंदांची चित्रफीत फिरली आणि संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी जमाव आला, तर मुख्याध्यापक, शिक्षणाधिकारी, संस्थाचालक यांतले कोण बाहेर येईल? ज्या शिक्षकाला याचे उत्तर ठाऊक नाही त्याला हा विषय शिकवायला लावणे अन्याय आहे. म्हणून मी घाईने उद्यापासून तास सुरू करा म्हणत नाही. आधी शिक्षक तयार करा, अभ्यासक्रम गावातल्या सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांना वाचायला द्या, आठवी-नववीच्या आधी सुरू करू नका, परीक्षेतले गुण ठेवू नका. या सगळ्याला पाच-सात वर्षे लागली तरी चालतील.

मुले तोवर थांबणार नाहीत, ही मात्र काळजी आहे. ती शिकतच आहेत. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली. त्या आठवड्यात मोबाइलवरून त्यांच्यापर्यंत काय काय पोचले असेल, ते कोणत्याही अभ्यासक्रम समितीने तपासलेले नव्हते.

*

ती कबर खुलताबादला आहे. मागे एका हिवाळ्यात मी वेरूळला गेलो होतो. लेण्यांच्या वाहनतळावर शाळांच्या सहलींच्या बसगाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. चौतीस लेणी. पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. एका डोंगराच्या कडेने मूल सकाळभरात तीन धर्मांतून चालत जाते. गावात अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर. घाट चढून चार-पाच किलोमीटर गेले की खुलताबाद, तिथे बुऱ्हाणुद्दीन गरीब, जर जरी जर बक्ष, झैनुद्दीन शिराझी या सूफींचे दर्गे, मलिक अंबरची कबर, आणि एका दर्ग्याच्या आवारात उघड्या आभाळाखाली औरंगजेबाची साधी कबर.

बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, एक सहल आली होती. चौथी-पाचवीची मुले असावीत. एका मुलाने मूर्तीकडे बोट दाखवून मोठ्याने विचारले, “सर, ह्या देवाने कपडे का नाही घातले?” मुले हसली. सरही हसले, मग गोंधळले, घड्याळाकडे पाहून म्हणाले, “चला, चला, डबे खायचेत अजून.” रांग पुढे सरकली. तो मुलगा मान मागे वळवून पाहत राहिला. मी पुढे होऊन त्याला सांगावे, असे मला फार वाटले. अपरिग्रह म्हणजे काय, दिगंबर आणि श्वेतांबर असा फरक का झाला, घर सोडताना महावीरांनी काय काय मागे ठेवले. पण परक्या माणसाने शाळेच्या मुलाशी धर्माविषयी बोलणे बरे दिसले नसते.

दुपारी मी खुलताबादच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून तीच बस आली. खिडक्यांतून हात बाहेर, गाणी चालू. दर्ग्याच्या कमानीपाशी रस्ता अरुंद होतो म्हणून बस जरा हळू झाली. मुले खिडकीशी गोळा होऊन बघू लागली. कोणीतरी काहीतरी विचारले असावे, कारण दाराजवळ उभे असलेले सर मागे वळून मान हलवत होते. मग चालकाने वेग घेतला.